नवं जोडताना जुनं मोडू नये म्हणून: ब्रँच, मर्ज आणि रिग्रेशन टेस्टिंग

नाशिकमध्ये चार-पाच जणांची सॉफ्टवेअर टीम ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. दोघं कॉलेज रोडच्या ऑफिसात बसतात, एक जण सिन्नरला घरूनच काम करते, एखादा पुण्यात राहून टीममध्ये असतो. अशी एक टीम कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशोबपट्टीचं सॉफ्टवेअर बनवते, असं धरू. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, विंचूरला रोज चालणारं काम. लिलावात भाव पुकारला जातो, ट्रॅक्टर आधी भरलेला आणि मग रिकामा काट्यावर चढतो, निव्वळ वजन निघतं, त्याला भावाने गुणायचं, ज्या काही वजावटी असतील त्या काढायच्या आणि उरलेल्या रकमेची पट्टी शेतकऱ्याच्या हातात द्यायची.

माल २३ क्विंटल ४५ किलो, भाव क्विंटलला १,६५१ रुपये. गुणाकार येतो ३८,७१५ रुपये ९५ पैसे. जवळचा रुपया धरून पट्टीवर ३८,७१६ छापायचे. वर्षभर हे बिनबोभाट चाललं. मग व्यापारी म्हणाले, पट्टी व्हॉट्सॲपवर पाठवता आली तर बरं होईल. टीममधल्या एकाने ते काम घेतलं. मेसेजमध्ये पैसे दाखवायचे नव्हते, म्हणून रक्कम पूर्ण रुपयांत आणणारी एक ओळ त्याने बदलली. तीच ओळ छापील पट्टीलाही लागते हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि त्याने घातलेली नवी पद्धत जवळचा रुपया न धरता पैसे सरळ कापून टाकणारी होती. मेसेज झकास जायला लागले. छापील पट्टीवर मात्र ३८,७१६ च्या जागी ३८,७१५ यायला लागले.

रुपयाच कमी, पण शेतकरी पट्टी मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ताडून बघतोच, आणि एका रुपयाचा फरक दिसला की त्याला पुढचे सगळेच आकडे संशयास्पद वाटतात. त्याचं चुकतं असं मला अजिबात वाटत नाही.

याला रिग्रेशन म्हणतात. नव्या सोयीतच चूक निघाली तर तो साधा बग. लोक ती सोय अजून वापरायला लागलेले नसतात, थोडं थांबतात. पण काल ज्याच्यावर विसंबून काम केलं ते आज न सांगता बदललं, तर ते रिग्रेशन. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, प्रकल्पात याबद्दलचा नियम फार कडक आहे. कर्नलमधल्या बदलामुळे एखाद्याचा आधी चालणारा प्रोग्रॅम बंद पडला, तर दोष कर्नलचा धरायचा. ‘तुमचा प्रोग्रॅमच चुकीचा लिहिला होता’ हे उत्तर तिथे चालत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स हा नियम वर्षानुवर्षं, कधी कधी फार तिखट शब्दांत, सांगत आलेले आहेत. त्यांच्या भाषेबद्दल दुमत असू शकतं. नियम मात्र कांद्याच्या पट्टीलाही तंतोतंत लागू पडतो.

ब्रँच म्हणजे नेमकं काय

एकाच फाइलवर चौघांनी एकदम हात घातला तर गोंधळ होणार, म्हणून प्रत्येकाने आपापल्या ब्रँचवर काम करायचं आणि ते झालं की मुख्य ब्रँचमध्ये, म्हणजे मेनमध्ये, मिसळायचं, म्हणजेच मर्ज करायचं. कॉलेजात एवढं सांगितलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण ब्रँच म्हणजे सगळ्या कोडची वेगळी नक्कल, असा एक समज त्यासोबत डोक्यात बसतो, आणि पुढचे घोटाळे तिथून सुरू होतात.

गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. त्यात प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, स्वतःची लांबलचक ओळख असते आणि आपण कोणत्या कमिटनंतर आलो हे त्या कमिटला माहीत असतं. ब्रँच हे त्यातल्या एका कमिटकडे बोट दाखवणारं नाव. नेहमीच्या मांडणीत ती एक इवलीशी फाइल असते आणि तिच्यात ४० अक्षरांची ती ओळख लिहिलेली असते, बस. म्हणून नवी ब्रँच काढायला क्षणही लागत नाही. एप्रिल २००५ मध्ये बिटकीपर या साधनाचा फुकट वापर कर्नलवाल्यांसाठी बंद झाला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैत त्यांनी त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवली. त्याआधीच्या सीव्हीएस, सबव्हर्जनसारख्या साधनांत ब्रँच मिसळणं इतकं जिकिरीचं होतं की लोक ब्रँच काढायलाच धजत नसत. सबव्हर्जनमध्ये तर आधी काय काय मर्ज झालंय याची नोंद आपोआप ठेवायची सोय २००८ साली आली.

गिटने ब्रँच स्वस्त केली, आणि स्वस्त झाली म्हणून लोक ती आठवडेच्या आठवडे उघडी ठेवू लागले. ब्रँच काढल्याने दोन माणसांच्या बदलांमधली टक्कर टळत नाही, ती पुढे ढकलली जाते. मेन रोज पुढे सरकते, तुमची ब्रँच जिथे फुटली त्या कमिटच्या आधारावर उभी राहते, आणि दोघांमधलं अंतर वाढत जातं. तीन आठवड्यांची ब्रँच मर्ज करायला बसलेला माणूस अनेकदा तीन आठवड्यांपूर्वी घेतलेले निर्णय आठवत बसलेला असतो.

कॉन्फ्लिक्ट आला नाही, तरी मोडलं

मर्ज करताना गिट तीन गोष्टी बघतं: दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या ते मूळ, एका बाजूचे बदल आणि दुसऱ्या बाजूचे बदल. एकाच जागी दोघांनी वेगवेगळं लिहिलं असेल तर ते थांबून विचारतं. हा कॉन्फ्लिक्ट. नवशिके याला घाबरतात. मला तो सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो, कारण इथे निदान यंत्र सांगतं की मला कळत नाहीये, तुम्ही बघा.

खरी भीती वेगळ्या जागी आहे. पुन्हा पट्टीकडे येऊ. आपल्या प्रोग्रॅममध्ये वजन क्विंटलमध्ये ठेवलेलं आहे, २३.४५ असं. इलेक्ट्रॉनिक काटा किलोत आकडा देतो, म्हणून कॉलेज रोडच्या ऑफिसातला एक जण ठरवतो की आतून सगळीकडे वजन किलोतच ठेवू, म्हणजे २,३४५. तो ब्रँच काढतो, जिथे जिथे वजन वापरलंय त्या सगळ्या जागा शोधून नीट बदलतो. टेस्ट, म्हणजे ठरलेली माहिती देऊन उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम, चालवतो, सगळ्या पास.

त्याच दिवसांत सिन्नरहून काम करणारी सहकारी दुसऱ्या ब्रँचवर वाराईची, म्हणजे माल हाताळण्याच्या मजुरीची, वजावट जोडत असते. समजा, क्विंटलला ५ रुपये. ती नवी फाइल लिहिते, वजन घेते, ५ ने गुणते. तिच्या ब्रँचवर वजन अजून क्विंटलमध्येच आहे, त्यामुळे उत्तर ११७ रुपये २५ पैसे. बरोबर. तिच्याही टेस्ट पास.

आता दोन्ही ब्रँच मेनमध्ये जातात. बदल वेगवेगळ्या फाइलींमध्ये आहेत, एकही ओळ एकमेकींवर पडलेली नाही, त्यामुळे गिट बिनतक्रार मर्ज करतं. आणि मेनवर वाराई निघते २,३४५ गुणिले ५, म्हणजे ११,७२५ रुपये. अडतीस हजारांच्या मालातून शेतकऱ्याचे ११,६०७ रुपये ७५ पैसे जास्तीचे कापले गेले. दोघांपैकी कोणीही चुकलेलं नाही. दोघांनी टेस्ट चालवल्या होत्या. गिटनेही त्याचं काम चोख केलं, कारण ओळी जुळवणं एवढंच त्याचं काम. त्या ओळीतला आकडा किलोचा की क्विंटलचा हे त्याला कळायचं काहीच कारण नाही.

हा प्रसंग नीट समजला की ब्रँच सांभाळणं आणि रिग्रेशन टेस्टिंग, म्हणजे जुनं अजून चालतं का हे तपासणं, ही दोन वेगळ्या माणसांवर टाकायची कामं का नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. प्रत्येक ब्रँचवर टेस्ट चालवणं पुरेसं नाही. मिसळल्यानंतर जे तयार होतं त्याच्यावर टेस्ट चालायला हवी, कारण ते कोड त्याआधी जगात कुठेच नव्हतं. वापरणाऱ्याच्या हातात मात्र तेच पडणार असतं.

नाशिकच्याच अंबड-सातपूरच्या कारखान्यांत काम केलेल्यांना हे पटकन पटेल. मशीनवरचं टूल बदललं किंवा सेटिंग हललं की पहिला जॉब काढून तो ड्रॉइंगमधल्या सगळ्या मापांशी ताडतात. फक्त बदललेलं माप तपासून लॉट सोडून देत नाहीत. मर्ज हे असंच सेटिंग हलणं आहे.

इथे एक बारकावा आहे आणि तो बऱ्याच अनुभवी मंडळींच्याही नजरेतून निसटतो. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपली ब्रँच मेनमध्ये घेण्याची विनंती, टाकली की टेस्ट सहसा तुमची ब्रँच आणि त्या क्षणाची मेन यांच्या तात्पुरत्या मर्जवर चालतात. हिरवी खूण येते. पण ती खूण सोमवारच्या मेनसाठी असते. बुधवारी तुम्ही बटण दाबता तेव्हा मेनमध्ये आणखी तीन बदल येऊन पडलेले असतात, आणि त्यांच्यासोबत तुमचा बदल कोणीच तपासलेला नसतो. वाराईचा घोटाळा याच फटीतून आत शिरतो. उपाय दोन आहेत. मर्ज करण्याआधी ब्रँच ताज्या मेनवर आणलेली असलीच पाहिजे, अशी अट मेनला घालता येते. लहान टीमला एवढं पुरतं. मोठ्या टीममध्ये रोज पन्नास पुल रिक्वेस्ट येत असतील तर सगळे एकमेकांची वाट बघत बसतात, म्हणून तिथे मर्जची रांग लावतात. रांगेतला प्रत्येक बदल आपल्या पुढच्या सगळ्यांसह तपासला जातो आणि पास झाला तरच मेनमध्ये जातो.

रस्ट भाषेचे निर्माते ग्रेडन होअर यांनी हा नियम फार मोजक्या शब्दांत मांडला होता. ज्यातलं कोड कायम सगळ्या टेस्ट पास करतं असा कोडचा साठा यंत्राने आपोआप राखावा, एवढंच त्यांचं म्हणणं. रस्टच्या प्रकल्पात वर्षानुवर्षं एक बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, हे काम करत आला आहे. आधी मर्ज करून बघायचं, टेस्ट चालवायच्या, आणि पास झालं तरच मेन पुढे सरकवायची. ‘आधी मेनमध्ये टाकू, मोडलं तर बघू’ याच्या हे बरोबर उलट आहे.

किती ब्रँच, कोणत्या ब्रँच

या बाबतीत माझं मत ठाम आहे: लहान टीमला मेन आणि दोन-तीन दिवस जगणाऱ्या कामाच्या ब्रँच, एवढं पुष्कळ झालं.

२०१० च्या जानेवारीत व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी ब्रँचची एक पद्धत मांडली, तिला पुढे गिट-फ्लो हे नाव पडलं. मेन वेगळी, डेव्हलप वेगळी, प्रत्येक फीचरची एक, रिलीजची एक, तातडीच्या दुरुस्तीची हॉटफिक्स ब्रँच आणखी एक. आकृती देखणी आहे, त्यामुळे ती जगभर पसरली आणि नाशिकच्या तीन माणसांच्या ऑफिसातल्या पांढऱ्या फळ्यावरही येऊन बसली. पण मार्च २०२० मध्ये खुद्द ड्रिसेन यांनीच त्या लेखाला टीप जोडली. तुमचं सॉफ्टवेअर सतत, एकाच आवृत्तीत, वेबवरून दिलं जात असेल तर याहून साधी पद्धत घ्या, असं त्यात म्हटलं आहे. ती टीप फळ्यापर्यंत क्वचितच पोहोचते.

दुसऱ्या टोकाला गूगल. त्यांच्याकडे अब्जावधी ओळींचा एकच सामायिक साठा आहे आणि बहुतेक सगळे जण थेट मुख्य प्रवाहावरच, छोट्या छोट्या बदलांनी काम करतात. अर्धवट काम लपवायला ते फीचर फ्लॅग वापरतात, म्हणजे कोड मेनमध्ये असतं पण त्याची कळ बंद असते. लहान टीमलाही हे सहज जमतं. वाराईची वजावट तीन दिवसांत पूर्ण होणार नसेल तर रोज थोडी थोडी मेनमध्ये जाऊ दे, कळ बंद ठेवून. फ्लॅगचंही पथ्य मात्र आहे: काम संपलं की फ्लॅग काढून टाकायचा आणि जुन्या फ्लॅगचं नाव नव्या कामाला कधीही द्यायचं नाही. नाइट कॅपिटल या अमेरिकी शेअर दलाल कंपनीने नेमकं ते केलं. आठपैकी एका सर्व्हरवर नवं कोड पोहोचलंच नव्हतं, तिथे त्या कळीने वर्षानुवर्षं निजलेलं जुनं कोड जागं केलं. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलर गेले.

रिलीज ब्रँच केव्हा लागते? ग्राहकांकडे वेगवेगळ्या आवृत्त्या चालू असतात तेव्हा. आपल्याकडे याचं कारण हंगामात दडलेलं असतं. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचा हंगाम जोरात असताना दिंडोरी-निफाडकडच्या पॅकहाउसला नवी सोय नको असते, आहे ते चालत राहायला हवं असतं. उन्हाळ कांद्याची आवक भरात असते तेव्हा व्यापाऱ्याचंही तसंच. मग हंगामापूर्वी एक रिलीज ब्रँच काढायची आणि तिच्यात फक्त दुरुस्त्या जाऊ द्यायच्या.

आणि इथेच रिग्रेशनचा एक अगदी ठरलेला प्रकार घडतो. एप्रिलमध्ये व्यापाऱ्याचा फोन येतो, घाईघाईत रिलीज ब्रँचवर दुरुस्ती होते, पट्ट्या पुन्हा बरोबर निघायला लागतात. ती दुरुस्ती मेनमध्ये न्यायची कोणाला आठवण राहत नाही. जूनमध्ये मेनवरून नवी आवृत्ती निघते आणि एप्रिलचा बग जसाच्या तसा परत येतो. व्यापाऱ्याला हे समजावून सांगणं अशक्य असतं, कारण त्याच्या दृष्टीने तो बग दुरुस्त झालेला होता. कर्नलच्या स्टेबल, म्हणजे फक्त दुरुस्त्या घेणाऱ्या, शाखांनी यावर नियम केला आहे की दुरुस्ती आधी मुख्य प्रवाहात गेली पाहिजे, मगच ती जुन्या आवृत्तीत उचलून आणायची. हा क्रम पाळला की विसरायला जागाच उरत नाही. हे उचलून आणणं, म्हणजे चेरी-पिक, करायचं ते मेनमधून रिलीजकडे. उलटं करायची वेळ आलीच, तर त्याच तासात मेनची पुल रिक्वेस्ट टाकून मगच व्यापाऱ्याला फोन करायचा.

टेस्ट कोणत्या लिहायच्या

आपल्या उदाहरणातल्या पट्टीची पहिली रिग्रेशन टेस्ट एका ओळीत सांगता येते: २३.४५ क्विंटल आणि १,६५१ भाव दिला की ३८,७१६ आलंच पाहिजे. दुसरी: वाराई ५ रुपयांनी ११७.२५ आलीच पाहिजे. या दोन टेस्ट असत्या आणि मर्जनंतरच्या कोडवर चालल्या असत्या, तर वरचे दोन्ही प्रसंग मेनच्या दारातच अडले असते.

टेस्ट शून्य असलेल्या जुन्या प्रकल्पासाठी मला सगळ्यात कामाची वाटणारी वाट ही आहे. गेल्या हंगामातल्या चाळीस-पन्नास खऱ्या पट्ट्या घ्या. शेतकऱ्यांची नावं, फोन, बँक खाती बदलून टाका. वेगवेगळे प्रकार येतील असं बघा: गोल्टीचा, म्हणजे बारीक कांद्याचा, कमी भावाचा माल, एकाच ट्रॉलीतले दोन भाव, काट्यावर फेरवजन झालेला माल, उचल घेतलेली असल्याने हातात जवळपास काहीच न पडलेली पट्टी. प्रोग्रॅमने त्यांचं काय उत्तर दिलं ते फाइलमध्ये ठेवा. पुढे प्रत्येक बदलानंतर त्याच माहितीवर प्रोग्रॅम चालवा आणि नवं उत्तर जुन्या फाइलीशी अक्षर न् अक्षर ताडा. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या रिग्रेशन टेस्ट मूलतः अशाच चालतात. अपेक्षित उत्तराच्या फाइली जपून ठेवलेल्या असतात आणि फरक दिसला की टेस्ट नापास.

फक्त, फाइल पक्की करण्याआधी त्या पट्ट्या व्यापाऱ्याकडच्या दिवाणजींसमोर ठेवा. ज्या माणसाने आयुष्यभर हिशोब केलेत त्याला न दाखवता ठेवलेली ‘अपेक्षित उत्तरं’ म्हणजे जुन्या चुकांना दिलेलं कायमचं संरक्षण ठरू शकतं. दिवाणजी कधी कधी असा नियम सांगतात जो कुठेच लिहिलेला नसतो. तो टेस्टमध्ये उतरला की पहिल्यांदाच कागदावर येतो.

मराठी मजकुराच्याही टेस्ट हव्यात, आणि त्या बाहेरून आयत्या मिळत नाहीत. सुरगाणा तालुक्यातलं बाऱ्हे हे गाव घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एखादा सहकारी शोध सुधारण्यासाठी ‘न दिसणारी चिन्हं काढून टाका’ अशी ओळ घालतो. हेतू चांगला, इंग्रजी नावांवर काहीच परिणाम नाही. पण दुसऱ्या प्रकारे टाइप झालेलं बाऱ्हे लगेच बार्हे होतं आणि गोऱ्हे आडनावाचा शेतकरी पट्टीवर गोर्हे होतो. ‘ॲड.’मधल्या ॲचंही तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक यादीत, स्वतंत्रपणे २००८ साली आलं, त्याआधीच्या नोंदींत ते अ आणि चंद्र असं जोडून लिहिलेलं सापडतं. दोन्ही रूपांतली चार-पाच नावं आणि गावं टेस्टमध्ये कायमची ठेवा. माणसाचं नाव बिघडवणारं रिग्रेशन मला रकमेच्या चुकीइतकंच गंभीर वाटतं.

पुढची शिस्त एसक्यूलाइटकडून घ्यावी. हा डेटाबेस तुमच्या अँड्रॉइड फोनमध्ये आत्ताही चालू आहे. त्यांच्याकडे बग दुरुस्त झाला असं तेव्हाच मानतात, जेव्हा तो बग पकडू शकणारी नवी टेस्ट जोडली जाते. त्यांच्याच आकडेवारीनुसार २०२३ सालच्या ३.४२ आवृत्तीत मूळ कोड सुमारे १ लाख ५६ हजार ओळींचं होतं आणि टेस्टचं कोड त्याच्या ५९० पट. एवढं आपल्याला करायचं नाही. पण ‘दुरुस्ती आणि तिची टेस्ट एकाच पुल रिक्वेस्टमध्ये’ हा नियम तीन माणसांच्या टीमलाही आजपासून पाळता येतो. टेस्ट आधी लिहायची, ती नापास होते हे डोळ्यांनी बघायचं, मग दुरुस्ती. नापास होताना न पाहिलेली टेस्ट नक्की काय तपासते याची खात्री नसते.

कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्टचा बंदोबस्त मात्र लगेच करा. गूगलने २०१६ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये असा थोडाफार लहरीपणा आढळतो. कारणं बहुधा घड्याळ, नेटवर्क किंवा टेस्टचा क्रम यांत असतात. अशा टेस्टमुळे लोक लाल खूण दिसली की ‘पुन्हा चालव, होईल हिरवं’ म्हणायला लागतात, आणि मग खऱ्या लाल खुणेकडेही दुर्लक्ष होतं.

मोडलंच, तर कुठे मोडलं

समजा टेस्ट नव्हती, आणि रुपयाचा फरक एप्रिलमध्ये कळला. जानेवारीतली आवृत्ती बरोबर होती. मधे एक हजार कमिट झालेत. गिट बायसेक्ट मधला कमिट काढून देतं. तुम्ही फक्त सांगायचं, इथे ३८,७१६ येतं की ३८,७१५. उत्तरानुसार अर्धे कमिट बाद. एक हजारातून दोषी कमिट शोधायला साधारण दहा वेळा तपासावं लागतं. तपासणीची छोटी स्क्रिप्ट लिहून दिली तर गिट सगळं आपोआप करतं आणि चहा येईपर्यंत कमिट समोर ठेवतं.

पण ही जादू चालायला प्रत्येक कमिट स्वतःच्या पायावर उभा हवा. अर्धवट, ज्यांच्यातून चालणारा प्रोग्रॅमच बनत नाही असे कमिट मधे मधे पेरलेले असतील तर बायसेक्ट अडखळतं. आणि ‘बरेच बदल’ असा संदेश असलेला दोन हजार ओळींचा कमिट हाती लागला तर शोध संपूनही काही कळत नाही. छोट्या ब्रँच, छोटे कमिट, नीट संदेश यांचा हा अगदी रोखीचा फायदा.

सापडलेल्या कमिटवर सहकाऱ्याचं नाव असतं. टीममध्ये सीनियर असाल तर तो क्षण जपून हाताळा. मोठ्या आवाजात ‘कोणी केलं हे?’ विचारलं की पुढच्या वेळी ज्युनियर मुलं-मुली बदल करायला कचरतात, ब्रँच लांबवतात, मर्ज टाळतात, आणि वर सांगितलेलं सगळं दुष्टचक्र नव्याने सुरू होतं. विचारायचा प्रश्न असा: आपल्या टेस्टनी हे का पकडलं नाही?

टेस्ट सगळं पकडतात असंही नाही. २००६ साली डेबियन या लिनक्सच्या प्रकारात ओपनएसएसएल या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचा एक इशारा गप्प करण्यासाठी छोटा बदल झाला. सगळं नेहमीसारखं चालत राहिलं. प्रत्यक्षात त्या बदलामुळे गुप्त किल्ल्या बनवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ संपली होती. एका प्रकारच्या किल्लीसाठी जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता उरल्या होत्या. हे मे २००८ मध्ये उघड झालं. बाहेरून उत्तर बरोबर दिसत असताना आतून काय गेलं, हे ओळखायला ते कोड समजणाऱ्या माणसाचा रिव्ह्यूच लागतो. म्हणून पैसे, ओळख आणि सुरक्षा यांना हात लावणारी पुल रिक्वेस्ट दोघांनी वाचल्याशिवाय मर्ज होऊ देऊ नये, टेस्ट कितीही हिरव्या असल्या तरी.

सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारखानदारांनाही एक सांगावंसं वाटतं. कोटेशनमध्ये टेस्टिंगची ओळ दिसली की पहिली काट तिच्यावर मारली जाते. त्याऐवजी टीमला तीन प्रश्न विचारा. मेनमध्ये थेट ढकलायला बंदी आहे का? मर्जआधी टेस्ट आपोआप चालतात का? गेल्या महिन्यात आम्ही कळवलेल्या चुकांच्या टेस्ट दाखवता का? उत्तरं समाधानकारक असतील तर त्या ओळीचे पैसे द्या.

आणि टीमने सुरुवात कुठून करायची? गिटहब किंवा गिटलॅबच्या सेटिंगमध्ये मेन संरक्षित करायला दहा मिनिटं लागतात. महिनाभर पडून असलेल्या ब्रँचची यादी काढा. ज्याची त्याला विचारून मर्ज तरी करा, नाहीतर पुसून टाका. दिवाणजींकडून पहिल्या पाच पट्ट्या तपासून घ्या आणि त्या प्रत्येक पुल रिक्वेस्टवर चालतील अशी सोय करा. पुढच्या पाच, पुढच्या आठवड्यात.